पुढची चाकं घराकडे, मागची मामाच्या गावाला

दसरा झाला तेव्हापासून माझ्या अंगणात गाडीचा एक्सल पडून होता. एक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा. त्याच्या अंगावर एका बाजूला घागरीएवढा गोळा असतो, आणि गोळ्याच्या आत दात्यांची चाकं. इंजिनाचा जोर तिथून चाकांना जातो. हे मला कोणी शिकवलं नाही. ज्या बाईला रोज सकाळी त्या धोंड्याला वळसा घालून सडा टाकावा लागतो, तिला सगळं आपोआप समजतं.

मी आरमोरीच्या बाजारात मासे विकते. नवरा तलावांवरून मासे आणतो. तोंड चालवल्याशिवाय मासे विकले जात नाहीत, आणि घरी आल्यावर तोंड बंद करायची कळ देवानं मला दिली नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कोणी म्हणू नये की बाई फारच बोलते.

आमची गाडी जुनी, मागे उघडा हौदा असलेली. एरवी तिला मागची चाकं ढकलतात. पण एक वेगळी दांडी ओढली की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, चारही चाकं कामाला लागतात आणि चिखलातून गाडी निघते. तलावापर्यंत सडक कुठे आहे? धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, आणि त्यांच्या कडेच्या धुऱ्यांवरून उड्या मारत जावं लागतं. त्या पावसाळ्यात अशाच एका धुऱ्यावर पुढचा एक्सल तडकला. साधा माणूस काय करेल? तसाच दुसरा आणून बसवेल. पण माझा नवरा मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या गाड्या पाहतो. कमरेएवढी उंच चाकं, वाळवंट, डोंगर. त्यानं ठरवलं की आता एक्सल बदलतोच आहोत तर गाडीही उंच करायची.

"किती उंच?" मी विचारलं.

"नाल्यात पाणी असलं तरी मायले कोरडी मामाच्या गावाले नेईन, इतकी," तो म्हणाला.

झालं. हे वाक्य माझ्या सासूनं ऐकलं, आणि त्या क्षणापासून तो एक्सल नवऱ्याच्या हौसेचा राहिला नाही.

सासूला एकच भाऊ, तिच्यापेक्षा लहान. जंगलाच्या अंगाला, नाल्याच्या पलीकडे त्याचं गाव. दर भाऊबीजेला हा मामा सायकलवर यायचा. हँडलला पिशवी, पिशवीत लुगडं, आणि फाटकातूनच "बाई, पाट मांड!" अशी आरोळी. माझ्या लग्नानंतर एकदाही चुकला नाही. त्या वर्षी पावसाळ्यात मामा ओसरीवरून घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, तोही त्याच पावसात वाहून गेला. म्हणजे मामा येऊ शकत नव्हते, आणि सासूला जायला रस्ता नव्हता. तिचे गुडघे असे, की ओसरीची पायरी उतरताना तीन देव आठवतात.

मामांनी फोनवर सांगितलं, "बाई, नाल्यापाशी खासर पाठवतो. पोरगा बैलं घेऊन येईन." खासर म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. बैल काय, पाण्यातूनही जातात. चांगली गोष्ट होती. पण नवऱ्याच्या नाकाला ती झोंबली. "माह्याकडं फोर-व्हील गाडी असताना माही माय खासरीनं जाईन? सांगा मामाले, बैलं खुट्याले राहू द्या."

"आणि नाई झाली तुही गाडी तयार, तं?" सासूनं विचारलं.

"तं मोबाईलवर ओवाळ. तोंड दिसते त्याच्यात."

"मोबाईलाले कुंकू लावू का, मेल्या?" सासू म्हणाली, आणि उठून आत गेली. जाता जाता पदर डोळ्याला लावला तो मी पाहिला. तिनं एवढ्या वर्षांत माझ्याशी शंभर भांडणं केली असतील, पण डोळ्याला पदर कधी लावला नव्हता. मला नवऱ्याचा असा राग आला की त्या दिवशीच्या भाजीत मी मुद्दाम मीठ घातलं नाही. त्यानं मुकाट्यानं खाल्ली. एक्सलच्या नादात त्याला कळलंसुद्धा नाही.

कामाला जोडीदार म्हणून वडशाहून वेल्डिंगवाले भाऊ यायचे. नवऱ्याचे जुने दोस्त. शाळा सोडल्यापासून दोघांनी मिळून जितक्या वस्तू दुरुस्त केल्या त्यातल्या निम्म्या नंतर कोणाला तरी दुरुस्त कराव्या लागल्या. पण माणूस लाखात एक. आला की आधी सासूच्या गुडघ्यांची चौकशी, मग चहा, मग काम. ते वेल्डिंगची मशीन मोटारसायकलला बांधून आणायचे, आणि मशीन सुरू केली की आमच्या घरातले दिवे मिचमिचायचे.

नवा एक्सल, म्हणजे जुनाच, पण आम्हाला नवा, नागपूरच्या भंगार बाजारातून आला. त्याला धुवायला माझी कणकेची परात गेली. पुसायला माझं जुनं लुगडं गेलं, आणि ते संपल्यावर फारसं जुनं नसलेलंही गेलं. गाडीचं तोंड वर उचलून खाली मोहाचे ओंडके लावले होते. ते कमी पडले म्हणून न्हाणीतला दगड काढला. सासू चिखलात फळी टाकून आंघोळ करायची आणि तिथूनच ओरडून विचारायची, "झाली का रे गाडी?"

मासे सायकलवरून यायला लागले. दिवाळी जवळ आली. मी अंगण सारवलं ते एक्सलच्या भोवतीनं. तेलाचा डाग शेणातून वर येतो, हेही ज्ञान मला त्याच दिवाळीत झालं.

आणि तेव्हा कळलं की आणलेला एक्सल आमच्या गाडीचा नाहीच. आमच्या गाडीत तो गोळा उजव्या हाताला लागतो, कारण इंजिनाकडून येणारा फिरता दांडा, ज्याला हे लोक शाफ्ट म्हणतात, तो उजव्या अंगानं येतो. ह्या एक्सलचा गोळा डाव्या हाताला होता. दोघंही त्याच्यासमोर उकिडवे बसले. बिड्या ओढल्या. भाऊंनी गोळ्यावर टिचकी मारून पाहिली. नवरा गाडीखाली गेला, बाहेर आला, पुन्हा गेला.

"नागपूरले वापस नेऊन द्यावा काय?" भाऊ म्हणाले.

"दिवाळीत कोन उघडं ठेवते दुकान?" नवरा म्हणाला.

सासू ओसरीवर वाती वळत बसली होती.  ती वळायची थांबली.

मी चुलीपाशी होते. अनारशाचं पीठ सैल झालेलं, तूप तापलेलं, आणि बाहेर हे दोघं डावं-उजवं डावं-उजवं करत होते. माझं डोकं भणाणलं. मी तिथूनच ओरडले, "अजी, डाव्या हाताले आहे तं उलटा करा नं त्याले! आला उजव्या हाताले! एवढ्यासाठी काय बसले तोंडं पाडून?"

 मला वाटलं, नवरा आता भांडायला येतो. तसं काही नाही. थोड्या वेळानं लोखंड घरंगळल्याचा आवाज आला. मग भाऊंचा, "अरे, वा रे वा!" मग नवऱ्याचा, "हे पाह्य! पाट्यांच्या बैठकी वर आल्या!"

झालं होतं असं. गाडी उंच करायची तर लोखंडी पाटे, ज्यांच्यावर गाडीचं वजन असतं, ते एक्सलच्या खालून काढून वर बसवावे लागतात. त्यासाठी वरच्या अंगाला नव्या बैठकी वेल्ड करायच्या होत्या. एक्सल उलथा केला तर खालच्या बैठकी आपोआप वर. गोळाही उजवीकडे. वेल्डिंगचं काम उरलंच नाही. चाकांकडची टोकं तेवढी इकडची तिकडे केली आणि सगळं असं बसलं की जणू कारखान्यात ह्याच गाडीसाठी केलं असावं. भाऊंना आपली मशीन लावायला मिळाली नाही म्हणून थोडं वाईट वाटलं. त्यांनी माझ्या फाटकाची कडी वेल्ड करून समाधान करून घेतलं.

"वयनी, तुमचं डोकं म्हणजे!" ते आत येऊन म्हणाले. मी वैतागून बोलले होते. ह्या घरात माझं एक वाक्य कोणी ऐकत नाही. म्हटलं चपला बाहेर काढा, ऐकत नाहीत. म्हटलं तंबाखू सोडा, ऐकत नाहीत. तेवढं एक ऐकलं.

गाडी ओंडक्यांवरून खाली आली. खरंच उंच झाली होती. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, नवऱ्यानं गावातून चक्कर मारली. गाडी सुरेख धावली. लोक घराबाहेर येऊन पाहत होते. मी विचारलं, "ते चार चाकांची दांडी ओढून पाह्यली का जी?"

"सडकेवर कशाले? उगाच तेल खाते," तो म्हणाला. त्याचा हिशोब असाच. चांगली वस्तू गरज पडल्याशिवाय वापरायची नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपांतून आम्ही आजपर्यंत चहा प्यायलो नाही.

भाऊबीजेच्या सकाळी सासू नाकात नथ घालून, मोरपंखी लुगडं नेसून तयार. शिडी लावून आम्ही तिला पुढच्या सीटवर चढवलं. मागून मी ढकलत होते, वरून नवरा ओढत होता आणि मधे ती आम्हा दोघांना शिव्या देत होती. मांडीवर ओवाळणीचं ताट, कापडानं झाकलेलं. भावाला ओवाळल्याशिवाय ती दर वर्षी पाण्याचा घोटही घेत नाही, त्या दिवशीही घेतला नव्हता. मी आणि भाऊ मागे हौद्यात. भाऊ म्हणाले, "मी येतो, गाडीले काही लागलं तं." गाडीला काही लागणार नव्हतं म्हणे, पण पाना-पेटी घेऊन आले.

रस्त्यानं मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीतल्या जत्रेला, निघालेली माणसं भेटत होती, नवे कपडे, पोरांच्या हातात फुगे. सासू सगळ्यांना हात करत होती. उंचावर बसलेली, सगळ्यांना दिसत होती. मला तिचं हसू आलं आणि बरंही वाटलं.

नाला आला. पाणी गुडघ्याच्या वर. नवऱ्यानं गाडी थांबवून आमच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आता बघा. गाडी पाण्यात घातली. उंचीचं सोनं झालं, खोटं कशाला बोलू; पाणी कुठल्या कुठे राहिलं. पुढची चाकं पलीकडच्या काठाला लागली, दगडगोट्यांवर चढली, आणि मागची मऊ रेतीत जाऊन भसकन बसली. जागच्या जागी फिरायला लागली.

"आता पाहा," नवरा म्हणाला, आणि त्यानं ती दांडी ओढली.

अगा माय! गाडी थरथरली. इंजिन ओरडलं. मागची चाकं मागे पाणी उडवत होती ते ठीक, पण पुढची चाकं पुढे चिखल उडवायला लागली. पलीकडच्या काठावर मंडईला चाललेले लोक मजा पाहायला थांबले होते. त्यांचे नवे कपडे, त्यांचे फुगे, सगळ्यांवर नाल्यानं पंचमी खेळून घेतली. लोक शिव्या देत मागे पळाले, आणि मग जाऊन सुरक्षित जागी बसले. कोण सोडतं असं नाटक? जळका वास यायला लागला तेव्हा नवऱ्यानं पाय काढला.

भाऊ पाण्यात उतरले, वाकले, म्हणाले, "पुन्हा एकदा, हळू." नवऱ्यानं पुन्हा केलं. भाऊ वाकलेलेच राहिले. मग हळूहळू सरळ झाले.

"अरे भाऊ," ते म्हणाले, "पुढचं उलटं फिरून राह्यलं."

"उलटं म्हणजे?"

"मागची चाकं मामाच्या गावाले चालली. पुढची घरी चालली."

एक्सल उलथा केला की त्याच्यातल्या दात्यांची बाजू बदलते आणि चाकं उलटी फिरतात. इतकी साधी गोष्ट. उलथा तवा, उलटी भाकर. नवऱ्यानं भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग दोघांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"माह्याकडं काऊन पाहून राह्यले?" मी म्हटलं. "मी काय मिस्त्री आहो? मी अनारसे तळून राह्यली होती!"

काठावरून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, बैलं आनू का?" त्यावर नवरा "काही गरज नाई!" म्हणून असा ओरडला की मला त्याला तिथेच पाण्यात बुडवावंसं वाटलं. फोन लावायचा तर तिथे टॉवर नाही. ऊन डोक्यावर येऊन कलायला लागलं होतं.

सासू मघापासून गप्प होती. ही बाई गप्प बसली की मला भीती वाटते. मी पुढे वाकून पाहिलं. तिनं ताटावरचं कापड दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि पलीकडच्या रस्त्याकडे पाहत होती. ओठ कोरडे पडलेले. मला गलबलून आलं. मग जे गलबललं त्याचा रागच झाला, कारण माझं असंच होतं.

"तुमच्या त्या गाडीपायी," मी नवऱ्याला म्हटलं, साऱ्या मंडईच्या समोर, "माय उपाशी बसली आहे! मामानं बैलं पाठवतो म्हटलं होतं. बैलाची पुढची आणि मागची एकाच बाजूले चालतात! तुम्हाले उंच पाह्यजे होतं नं? बसा आता उंच!"

काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा स्टिअरिंग धरून खाली मान घालून बसला. त्याचे कान लाल झाले होते. त्यालाही लागलं होतं. 

तेव्हा सासूचं तोंड उघडलं. "तुह्या बापाचंही असंच होतं," ती मुलाला म्हणाली. "बाजाराले चाला म्हटलं तं घरी बसे. घरी बसा म्हटलं की बाजाराले जाये. मी मंग उलटंच सांगो. तुह्या गाडीले मागं जा म्हण नं, मेल्या! जाईन पुढं!"

काठावरचे हसले. मीही हसले. पण भाऊ हसले नाहीत. ते गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"रिव्हर्स," ते म्हणाले.

"काय रिव्हर्स?" नवरा म्हणाला, आणि मग त्याचंही तोंड उघडलं.

मला समजायला वेळ लागला, म्हणून सोपं करून सांगते. पुढची चाकं उलटी फिरतात ना? मग गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली तर ती सुलटी फिरतील. ती दगडगोट्यांवर होती, त्यांना पकड होती. फक्त मागची चाकं तेव्हा मागे ओढतील. तर मागच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्टच सोडून टाकायचा. पुढची चाकं एकटी ओढतील.

दोघंही पाण्यात बसले. बसले म्हणजे गळ्यापर्यंत. पाना पाण्याखाली, हात पाण्याखाली, आणि नवरा आंधळ्यासारखा बोल्ट चाचपत होता. निघालेला एकेक बोल्ट तो वर करायचा आणि मी हौद्यातून वाकून पदरात घ्यायची. एक त्याच्या हातून सुटला तेव्हा भाऊंनी डुबकी मारली आणि बोल्टाबरोबर एक झिंगाही वर आणला. शाफ्ट सुटला. तो हौद्यात माझ्या पायाशी आला, तेलकट, चिखलाळ, माझ्या नव्या लुगड्यावर. मी काही बोलले नाही, ह्याची नोंद घ्यावी.

नवरा गाडीत चढला. दांडी ओढली, रिव्हर्स टाकला. आणि गाडीतून ट्यां ट्यां ट्यां करत लग्नाच्या ब्यांडसारखं गाणं सुरू झालं. रिव्हर्सला ते लावलेलं असतं, मागच्या माणसांनी बाजूला व्हावं म्हणून. गाडी हलली. पुढे! पुढच्या चाकांनी गोटे धरले, मागची रेतीतून उपसून निघाली, आणि आम्ही वाजतगाजत काठ चढून वर आलो. लोक शिट्ट्या मारत होते. कोणाला काही समजलं नव्हतं, पण आनंद सगळ्यांना झाला.

फक्त नवऱ्याची मान मागे वळलेली होती. रिव्हर्स टाकला की मान मागे, ही जुनी सवय. गाडी पुढे चालली आणि हा माझ्या तोंडाकडे पाहून चालवतो आहे. सासूनं त्याच्या डोक्यात टपली हाणली. "पुढं पाह्य!"

पलीकडची वाट दोन्ही बाजूंनी बांध्या आणि मधून एका गाडीपुरती. रिव्हर्समध्ये गाडी धावत नाही. चालणारा माणूस आमच्या पुढे जायचा. गाणं चालूच. अर्धी वाट गेलो असू, तर समोरून खासर. हाकणारा मामांचा मोठा मुलगा, आणि भाताच्या तणसावर गोधडी टाकून मामा. उशीर झाला म्हणून त्यांना घरी दम निघाला नव्हता. खुबा मोडलेला माणूस स्वतःला खासरीत घालून निघाला होता.

नवरा घाबरला. गाडी थोडी मागे घ्यावी म्हणून त्यानं घाईत काय केलं असेल? आहे त्या रिव्हर्सवर आणखी जोर दिला. गाडी पुढे सरकली, थेट बैलांच्या तोंडावर. बैल बिथरले, मामा ओरडले, मी ओरडले. "पहिला गिअर टाक, पहिला!" भाऊ ओरडले. पहिला टाकल्यावर गाडी मागे गेली, आणि गाणं बंद झालं. भाऊंनी उडी मारून मागची वायरच तोडून टाकली.

"बाई!" खासरीतून आवाज आला. "सकाळपासून खाट धरून बसलो. कुठी मेली होती तुही गाडी?"

"तू काऊन निंघाला रे? हाड मोडलं आहे नं तुहं? अक्कल नाई तुले अजून!" सासू वरून ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली. मामाही. भांडणातच रडत होते दोघं. खासर आमच्या गाडीला लावली. ती उंच, ते खाली. तिला उतरता येईना आणि त्यांना उठता येईना. मग तिनं वरूनच वाकून ओवाळलं. वारा वाहत होता, निरांजन विझायला बघायचं, तर भाऊंनी दोन्ही तळहातांची आड करून धरली. मामांनी गोधडीखालून लुगडं काढून ताटात ठेवलं. सासूनं अनारसा मोडून त्यांच्या तोंडात घातला आणि उरलेला स्वतः खाल्ला. मी पाण्याचा तांब्या दिला. तिनं तो एका दमात संपवला.

मामांना आम्ही अलगद उचलून हौद्यात घेतलं. सासूलाही मागेच यायचं होतं, तर तीही आली. त्यांचं डोकं तिच्या मांडीवर. लवकर पिकणारा हलका धान कापून झालेल्या बांधीतून खासर वळली आणि पुढे लागली.

नवरा खाली उतरून आला. "माय, आता वाट सुकी आहे. मागचा शाफ्ट लावून घेतो, सुसाट मामाच्या घरी नेतो. असं रिव्हर्सनं गेलो तं सांज होईन."

"नको लावू," सासू म्हणाली.

"अवं, ते बैलं पाह्य, आपल्या पुढं चालले!"

"जाऊ दे. असाच चाल. हळू." मग तिनं डोकं वर करून दोन्ही बाजूंना पाहिलं. "मले पाहू दे जरा. ह्या वाटेनं मी लग्न होऊन गेली, आणि मायबाप मेल्यावर कोनी आनलंच नाई. हाच येये दर साली."

 एवढी वर्षं नवरा दर दिवाळीला मामांच्या सायकलला हवा भरून द्यायचा आणि मामा गेले की फाटक लावायचा. आईला घेऊन यावं हे कधी त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं? तो शाफ्ट माझ्या पायाशीच ठेवून पुढे गेला आणि रिव्हर्स टाकला.

"हा कोनाचा धुरा रे बापू?"

"आपलाच तं. त्याच्यावरची बोर पडली मागच्या साली."

"आणि ते चिचेचं झाड?"

"आहे नं. येते पुढं."

पुढचा सारा रस्ता ते दोघं बहीण-भाऊ असंच बोलत होते. मी शाफ्टावर पाय ठेवून बसले होते आणि खुशाल रडत होते, भाऊ दुसरीकडे पाहत होते. कुठलं झाड जवळ आलं की नवरा न सांगता गाडी आणखी हळू करायचा.